सायटिका, दोन फिजिओ आणि एक कंबरपट्टा : बडोद्यात माझे पैसे कुठे बुडाले आणि कुठे वसूल झाले

आधीच सांगते, मी डॉक्टर वगैरे नाही, मकरपुऱ्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते, वय ४७, आणि हा रिव्ह्यू लांबणार आहे कारण दुखणंच, म्हणजे सायटिका, कंबरेतली नस दाबून पायात उतरणारी कळ, लांबलं होतं. ज्या क्लिनिकबद्दल लिहितेय ते कारेलीबागेत आहे, पहिल्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, कारण आत्ताच तिथे पाऊण पाऊण तास बसावं लागतं आणि अजून गर्दी वाढली तर ते फिजिओभाई मलाच बोलतील. आधी जिथे पैसे घातले त्या जागेचं पण नाव नको, उगीच भांडण कोण ओढवून घेणार.

तर सुरुवात पुरापासून. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने काय केलं ते बडोदेकरांना सांगायला नको. धोक्याची पातळी २५ फूट आणि पाणी ३५ च्या वर गेलेलं, आम्ही समा भागात तळमजल्यावर. फ्रिज दोन स्टुलांवर चढवला, शिवणयंत्राचं डोकं उचलून माळ्यावर, धान्याचे डबे, फायली, सासूबाईंची पितळी भांडी, सगळं वाकून उचलायचं आणि तसंच वळून ह्यांच्या हातात द्यायचं. तेव्हा काही झालं नाही हो. पाणी ओसरल्यावर तीन दिवस वाकून वाकून गाळ काढला तेव्हाही नुसती कंबर भरून आल्यासारखी. चौथ्या दिवशी दात घासता घासता एक शिंक आली आणि उजव्या कुल्ल्यातून जी कळ निघाली ती मांडीच्या मागून पोटरीतून थेट पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपर्यंत. मी बेसिन धरून उभी, ना बसता येतंय ना सरळ होता येतंय. आणि कंबर म्हणाल तर तेवढी दुखत नव्हती, सगळा ठणका पायातच, त्यामुळे पहिले दोन दिवस मला वाटलं की पायाचीच शीर चढलीय.

मग घरोघरचे सल्ले. सासूबाई म्हणाल्या उसण भरलीय, कुणी पायाळू बघ आणि पाय लावून घे. आता समाला पायाळू माणूस शोधायचा कुठे, सोसायटीच्या ग्रुपवर विचारायचं का? मग म्हणाल्या आमच्या वेळी सरळ दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात जायचे, हाड बसवून यायचे. शेजारच्या गुजराती बेन नगोडचं तेल देऊन गेल्या, नगोड म्हणजे आपली निर्गुंडी. ओळखीच्या वैद्यांनी फोनवर सांगितलं की ह्याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड, माणूस गिधाडासारखा चालायला लागतो म्हणून. हे ऐकून आमचे हे इतके हसले की काय सांगू, पण आरशात बघितलं तर अगदी खरं होतं. एका बाजूला कललेली आणि लंगडत.

आता पहिली खरेदी, कंबरपट्टा. मेडिकलवाल्याकडून ७०० ला, आत पट्ट्या असलेला. पहिले पाच सहा दिवस धीर आला हे कबूल, रिक्षातून डॉक्टरकडे जाताना तर बरंच बरं वाटलं. पण मी तो सकाळपासून झोपेपर्यंत घालत होते, गणपतीत सुद्धा. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला, पुराला जेमतेम दहा दिवस झालेले, भिंतींना अजून ओल, आणि मी ओट्याशी उभी राहून मोदक वळतेय कारण पाटावर बसले की उठायला दोन माणसं लागायची. पट्टा काढला की कंबर लुळी पडल्यासारखी वाटायची, मग परत घाला, असं चक्रच झालं. माझं मत विचाराल तर प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको. पट्ट्याने नस सुटत नाही, आपण फक्त घाबरून ताठ चालायला शिकतो.

दुसरं, गादी. पुण्याहून मुलगा म्हणे ऑर्थोपेडिक गादी घे, सासूबाई म्हणतात गादीच नको, जमिनीवर चटई टाक. मी चटई टाकली, दोन रात्री. झोप राहू द्या, पहाटे जमिनीवरून उठतानाच जीव गेला. नंतर कळलं की स्पेनमध्ये २००३ साली कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर ह्याची नीट चाचणीच झालीय आणि कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. आमची कापसाची गादी पिंजून घेतली, तेवढ्यावर भागलं. उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं म्हणून डावीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. ही उशीची युक्ती फुकट आहे आणि सगळ्यात भारी आहे.

डॉक्टर म्हणजे हाडांचे सर्जन, त्यांनी नीट तपासलं, पाय सरळ ठेवून वर उचलला तर निम्म्यात पण गेला नाही आणि पोटरीत कळ. म्हणाले सायटिका आहे, बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत आपोआप बरंच कमी होतं, एमआरआयची आत्ता गरज नाही, चालत्या फिरत्या राहा. पण ऐकते कोण. पायात एवढा ठणका आणि हे म्हणतात चाला! मीच हट्ट करून ५५०० रुपये भरून एमआरआय काढला आणि रिपोर्ट वाचून रात्रभर रडले. एल फोर एल फाइव्हला बल्ज, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली चकती, डिस्क, जरा फुगलेली, त्याच्या खाली एल फाइव्ह एस वनला प्रोट्रूजन, म्हणजे चकती बाहेर आलेली, उजवीकडची एस वन नस दाबलेली, शिवाय डीजनरेशन, म्हणजे झीज. मला वाटलं संपलं, आता ऑपरेशन.

ह्या रिपोर्टबद्दल नंतर जे समजलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय काढून बघितलेत, त्यात २० वर्षांच्या पोरांमध्ये ३० टक्क्यांना डिस्क बल्ज आणि ८० वर्षांच्यांमध्ये ८४ टक्क्यांना. म्हणजे पन्नाशीला आलं की केस पिकतात तशातलंच थोडं. माझ्या बाबतीत दाबलेली नस आणि दुखण्याची जागा जुळत होती, कारण एस वन नस पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला जाते, त्यामुळे ते खोटं नव्हतं, पण बाकीचे दोन भारी शब्द नुसते घाबरवायला पुरले. आणि डिस्कचा बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं, कित्येकदा जेवढा मोठा तुकडा तेवढी ती शक्यता जास्त, हे तर मला खोटंच वाटलं होतं.

गोळ्यांमध्ये एक दुखण्याची आणि एक रात्रीची नसेची. नसेच्या गोळीने मला सकाळी गरगरायचं, ऑफिसात डेबिट क्रेडिट उलटं टाकलं एकदा. पायदुखीला फरक शून्य. ह्या जातीची एक गोळी, प्रीगाबालिन, तिची सायटिकावर ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, २०१७ मध्ये छापून आली, आणि साध्या खोट्या गोळीपेक्षा काही जास्त उपयोग दिसला नाही, उलट चक्कर जास्त. पण कृपा करून हे वाचून आपली गोळी परस्पर बंद करू नका, मी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली.

मग फिजिओ नंबर एक. चकाचक, एसी, भिंतीवर मणक्याचे पोस्टर, दहा सिटिंगचं पॅकेज ४५०० आधीच भरायचं. रोज काय तर पालथं झोपा, कंबरेवर ओल्या स्पंजाचे चार पॅड, वीस मिनिटं झिणझिण्या, मग जेल लावून पाच मिनिटं अल्ट्रासाउंड, मग टेबलावर पट्टे बांधून ट्रॅक्शन, म्हणजे मशीन कंबर खेचतं. बरं वाटायचं हो, खोटं कशाला बोलू, मी दोनदा चक्क घोरले. पण खाली उतरून ॲक्टिव्हापर्यंत जाईतो पाय परत सुरू. दहा दिवसांत एकाही माणसाने मला चालून दाखवा म्हटलं नाही. शेवटच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, बेन पॅकेज रिन्यू करू? मी म्हटलं आधी हे दहा कुठे गेले ते सांग. पुढे कळलं की इंग्लंडच्या नाइस ह्या उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या संस्थेने २०१६ मध्येच कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, करंटचे पॅड आणि कंबरपट्टे देऊ नका असं लिहून ठेवलंय, आणि डब्ल्यूएचओने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीवर जी गाइडलाइन काढली त्यातही ट्रॅक्शन आणि पट्टे नकोच म्हटलंय. म्हणजे मी ७०० अधिक ४५०० नेमके त्याच यादीवर खर्च केले. अकाउंटंट ना मी!

आता कारेलीबाग. ऑक्टोबर लागला होता, नवरात्र सुरू, सगळं गाव चनियाचोळी घालून फिरतंय आणि मी तिथल्या जिन्यात. सतरा पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. कंबरेच्या पेशंटसाठी जिना, काय डोकं आहे, अर्धा स्टार मी तिथेच कापला होता. वर भाई एकटेच, चाळिशीचे, गुजराती, माझ्याशी गुजराती, सासूबाईंशी आमच्या घरच्यासारखं मराठी. पहिल्या दिवशी ५० मिनिटं घेतली. एमआरआयचं पाकीट बाजूला ठेवलं, म्हणे हे नंतर. आधी चवड्यांवर चाला. मग एकेका पायाने चवड्यावर टाच वर उचलायला लावली, डावीकडे दहा वेळा झालं, उजवीकडे चौथ्याला टाच खाली. मग टाचांवर चाला. मग घोट्याच्या मागे हातोडी मारली, डावा पाय उडाला, उजवा ढिम्म. म्हणाले एस वन, बरोबर. मग विचारलं लघवी शी कंट्रोलमध्ये आहे ना, दोन मांड्यांच्या मध्ये, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे बधिर लागतं का, ताप, वजन उतरणं, कधी कॅन्सर? मला जरा विचित्र वाटलं. पण हे त्यांनी नीट सांगितलं, की लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांत ताकद जायला लागली, तर फिजिओकडे येऊच नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, तिथे तासांचा हिशोब असतो. पाऊल लटकं पडायला लागलं तरी लगेच दाखवायचं. पहिल्या एसीवाल्यांकडे ह्यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं.

मग पालथं झोपवलं. पाच मिनिटं नुसतं. मग कोपरांवर छाती उचला, मग हात सरळ करून, साधारण भुजंगासनासारखं पण कंबर सैल, दहादा. मी म्हटलं अहो भाई, कंबर दुखायला लागली. ते विचारतात आणि पाय? मी जरा थांबून बघितलं तर करंगळीतल्या मुंग्या गेलेल्या, ठणका पोटरीतून वर मांडीत आलेला. भाई एकदम खूष. मला कळेना ह्यांना काय एवढा आनंद. तर म्हणाले पायातलं दुखणं वर कंबरेकडे सरकलं की ते चांगलं लक्षण, कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, आणि दुखणं खाली पावलाकडे उतरायला लागलं की तो व्यायाम तिथेच बंद. माझ्यासाठी सगळी किल्ली हीच होती. तोवर मी दुखतंय की नाही एवढंच मोजत होते, कुठे दुखतंय ते कधी मोजलंच नव्हतं. कंबर दुखली की घाबरून झोपायचे, म्हणजे बरं व्हायला लागलं की बरोबर तेव्हाच थांबायचे!

त्यांनी मग गोष्ट सांगितली. न्यूझीलंडमध्ये मॅकेंझी नावाचे फिजिओ होते, १९५६ साली त्यांचा एक पेशंट चुकून वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला, कंबर मागे वाकलेली, त्या काळी ते अगदी चुकीचं समजायचे, आणि पाच मिनिटांनी म्हणतो पाय थांबला. तिथून ही पद्धत निघाली. खरीच गोष्ट आहे, मी नंतर बघितलं.

घरचा अभ्यास असा की दर दोन तासांनी ते पालथं उठणं दहादा. ऑफिसात कुठे झोपणार, तर तिथे उभं राहून हात कंबरेवर ठेवून मागे वाकायचं, आमच्या शिपायाला वाटलं मॅडम व्हाउचर बघून कंटाळल्या. खुर्चीत सलग अर्ध्या तासाच्या वर नाही, मोबाइलला गजर. चालणं पाच मिनिटांनी सुरू, दिवसातून चारदा, पाय ओरडायच्या आधीच थांबायचं, मग आठ, मग बारा. महिन्याभरात कमाटीबागेत पूर्ण फेरी. पायाची बोटं धरून ताणायचे व्यायाम तर मी यूट्यूब बघून जोरात करत होते, ते त्यांनी सक्त बंद केले, चिडलेली नस ओढू नका म्हणे. चौथ्या आठवड्यानंतर ताकदीचे आले, पाठीवर झोपून कंबर उचलायचा पूल, कोपरावर अंग तोलायचा एका कुशीवरचा प्लँक, आणि रांगत उलटसुलट हात पाय लांबवायचा तो, जो करताना मी पहिल्यांदा कोलमडून सासूबाईंच्या पलंगावर आपटले. आणि उचलायचं कसं ते, गुडघे वाकवून, बैठक मागे टाकून, वस्तू पोटाशी, आणि वळायचं तर पावलांनी वळायचं, कंबरेतून नाही. पुरात नेमकं उलटं केलं होतं.

सरळ रेषेत बरी झाले असं मुळीच नाही. पाचव्या आठवड्यात ॲक्टिव्हा खड्ड्यात गेली आणि परत पोटरीपर्यंत. मी रडत फोन केला. भाई शांत, म्हणे दोन दिवस स्कूटर बंद, पहिल्या आठवड्याचे व्यायाम परत, झोपून राहू नका. तीन दिवसांत पूर्वपदावर. ह्या एका फोनसाठी मी त्यांना दोन स्टार द्यायला तयार आहे.

पण माझे व्यायाम उचलून करू नका हं, हे कळकळीने लिहितेय. सासूबाई ७६ च्या, त्यांचेही पाय भरून येतात, चालल्या की, आणि बसल्या किंवा पुढे वाकल्या की बरं वाटतं. भाजी आणायला गेल्या की दर दोन दुकानांनी ओट्यावर टेकतात. त्यांना मी हौसेने पालथं उठायला लावलं तर पाय जास्त दुखले. भाईंनी मला झापलंच. त्यांचं दुखणं वेगळं, वयाने मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली, त्यांना मागे वाकवायचं नाही, पुढे वाकायचे व्यायाम दिले, पाय पोटाशी घेणं वगैरे. एकाच घरात, एकाच सतरंजीवर, दोघी उलट्या दिशेला.

तक्रारी पण लिहिते. वाट बघावी लागते, वेळ दिलेली असून. बाकं कडक, अर्धे लोक भिंतीला टेकून उभे असतात, एका अर्थी बरंच आहे म्हणा. बायकांसाठी पडदा आहे पण सकाळी लेडी असिस्टंट नसते, ती चारनंतर येते, तेव्हाचीच वेळ घ्या. व्यायामाचा कागद फक्त गुजरातीत, मला चालतं, पण महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांनी लिहून घ्या. भाई बोलायला फटकळ आहेत. मी एकदा दोन दिवस व्यायाम केले नाहीत तर म्हणाले मग ३५० कशाला देता, घरीच बसा. राग आला, पण रागानेच त्या दिवशी तीनदा केले. मशीन त्यांच्याकडेही आहे एक, कोपऱ्यात, फार हट्ट करणाऱ्यांना लावतात.

खर्च म्हणाल तर एकूण ११ वेळा गेले, पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा, पॅकेज नाही, ३५० प्रमाणे ३८५०. म्हणजे पॅकेजहून कमी. ज्यांना तेही जड जातं त्यांच्यासाठी सयाजी हॉस्पिटलला फिजिओथेरपीचं सरकारी कॉलेज आहे, आमच्या कामवाल्या मावशी खांद्यासाठी तिथेच जातात, वेळ काढून जावं लागतं एवढंच.

डिसेंबरअखेर पायातलं दुखणं गेलं, करंगळीच्या कडेला थोडं बधिर मात्र पुढे दोन तीन महिने राहिलं, भाई म्हणाले होतेच की नस सगळ्यात शेवटी रुसवा सोडते. टाच आता उजवीकडेही सलग वीसदा उचलते. २०२५ च्या नवरात्रात गरबा खेळले, पहिल्या दिवशी वीस मिनिटं, साधी दोन टाळी, उड्या नाहीत, मग बाजूला बसून सेवउसळ. कंबर दुसऱ्या दिवशी भरून आली होती. पाय नाही.

पाचपैकी साडेचार. संध्याकाळी चारनंतर जा, सैल सलवार घाला, एमआरआय असेल तर न्या पण लगेच दाखवायची घाई करू नका, जीपे चालतं, रविवारी बंद. आणि जिन्याला कठडा फक्त डावीकडे आहे, उजवा पाय दुखत असेल तर उतरताना उलटा प्रश्न येतो, कुणाला तरी बरोबर न्या.